टोप्यांच्या पुस्तकाविषयी धाकटीला

माहीम, मुंबई 400016

चि. धाकटीस,


तुझं खोकं मंगळवारी पोचलं. बाराही टोप्या पलंगावर मांडल्या आणि संध्याकाळी एकेक हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिली. हात तुझा स्वच्छ आहे. टाके एकसारखे, उलट बाजूला लोकरीचं एकही टोक लोंबत नाही. पण हे छापण्याजोगं झालं का, असं तू विचारलं आहेस, आणि माझं उत्तर नाही असं आहे. टोप्या झाल्या आहेत, पुस्तक व्हायचंय. राग मानू नकोस. मला हे पुस्तक व्हायला हवंच आहे, म्हणून एवढं लिहिते.

तू विषय 'माहीम' घेतलास आणि बारा टोप्यांना बारा ठिकाणांची नावं दिलीस. त्यातल्या दोनच टोप्यांत माहीम उतरलं आहे. कोळीवाड्याच्या टोपीत तू लोकर पुढे घेऊन दोन टाक्यांचा एक केलास, ती वीण ताणली की भोकं तिरकी उघडतात, किनाऱ्यावर वाळत टाकलेल्या जाळ्यासारखी. आणि हलव्याची टोपी! माहीमच्या हलव्याच्या पातळ चौकोनी वड्या, मधे कागद, हे ज्याने लहानपणी एकेक पदर सोडवत खाल्लंय त्याला तुझ्या त्या उलट-सुलट ओळींच्या घड्यांवरून बोट फिरवलं की लगेच कळेल. बाकीच्या दहांत माहीम फक्त नावापुरतं आहे. कॉजवेच्या टोपीवर तीन निळ्या पट्ट्या आहेत, त्यांना मरीन ड्राइव्ह म्हटलं तरी चालेल. 1845 साली लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून तो कॉजवे झाला हे तू खाली लिहिलंस, ते वाचायला चांगलं आहे, पण विणणारीला त्यातून एक टाकाही मिळत नाही. दर्गा, चर्च आणि शीतलादेवी ही तीन नावं तर काढूनच टाक. लोक तिथे डोकं टेकवायला जातात, ती नावं विकायच्या टोपीला नकोत.

मग विषय कुठला? माझं म्हणणं, ठिकाणांऐवजी डोकी घे. माहीमच्या एका घरातली डोकी. पुण्याहून तू 'मुंबईत टोपी कोण घालतं' असं विचारतेस, तर मोजून बघ. बाळंतविड्यातलं टोपडं. बारशाची कुंची. सहलीला निघालेल्या शाळकरी पोराची टोपी. पहाटे शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्या आजोबांची माकडटोपी. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या मुलीची. बाराऐवजी सहा कर, पण प्रत्येक टोपी कुणाची आहे ते ती हातात घेताच कळू दे. जाळी आणि हलवा या दोन विणी त्यातच येतील, कुंचीच्या काठाला आणि मुलीच्या टोपीला.

माकडटोपीला या पुस्तकात मानाचं पान हवं. 1962 च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर आला होता, त्या थंडीत आईने घरातल्या सगळ्यांना कानटोप्या विणल्या. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला चीनशी युद्ध सुरू झालं आणि चाळीतल्या बायका जवानांसाठी खाकी लोकर घेऊन बसल्या. मी तेव्हा दहा वर्षांची. आई एकदा वीण सांगे आणि पंधरा जणी विणत. डोळे-नाक उघडं ठेवून कान, हनुवटी, मान झाकणारी ती टोपी. तिचं इंग्रजी नाव बॅलाक्लाव्हा, 1854 च्या क्रिमियाच्या लढाईतल्या बंदरावरून आलेलं. सैनिकाची ती टोपी आज आपल्याकडे आजोबांची झाली आहे. मान आणि खांद्यावर येणारा भाग तू फार आखूड केला आहेस. आई तिथे चार बोटं जास्त विणायची, वाकलं की मान उघडी पडू नये म्हणून. ती चार बोटं परत घाल.

सहावं डोकं कुठलं ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आपल्या घरापासून परळचं टाटा रुग्णालय किती जवळ आहे! 1941 पासून तिथे देशभरातले कर्करोगाचे रुग्ण येतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं महिनोन्‌महिने राहतात. अनेकांचे केस केमोथेरपी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. या टोपीसाठी तुझं सगळं कसब लाव. लोकर नको, टोचते. मऊ सुती धागा घे. आत शिवण नको, कारण टाळू हुळहुळी झालेली असते. मोठ्या जाळीची वीण नको, भोकांतून डोकं दिसतं आणि तेच झाकायचं असतं. मागे मानेवर केसांच्या रेषेखाली दोन बोटं उतरेल इतकी खोल कर. तुझ्या ढिगात अशी एकही नाही. आणि तिला रोगाचं नाव देऊ नकोस. नुसती 'सुती टोपी' म्हण, म्हणजे कुणीही विणेल, कुणीही घालेल. नेऊन द्यायची तर आधी रुग्णालयातल्या समाजसेविकांना काय चालतं ते विचार, आणि धुऊन दे.

बाळाच्या टोपड्याबद्दल एकच सांगते. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असतं. तुझं टोपडं 40 चं आहे, ते सहा महिन्यांच्या बाळाला होईल. बंद आखूड ठेव, आणि झोपलेल्या बाळाला बांधू नये असं पुस्तकात ठळक छाप.

आता लिहिण्याकडे येते, कारण खरी उणीव तिथेच आहे. आपल्याकडे विणकाम मांडीला मांडी लावून शिकलं गेलं. चुकलं की आई सुई हातातून काढून घ्यायची आणि दुरुस्त करून परत द्यायची. छापील नमुन्यात तो हात नसतो. 1840 मध्ये एडिंबरोच्या जेन गॉगेन या लोकरीचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी नमुन्यांचं पुस्तक काढलं, तेव्हा त्यांनाही टाक्यांसाठी खुणा ठरवाव्या लागल्या. तुला मराठीत त्या ठरवायच्या आहेत. तू 'सु' हे अक्षर सुलटसाठीही वापरलंस आणि सुईसाठीही. 'सु 4 सु' याचा अर्थ मला तीनदा वाचून लागला नाही. आपण ओळीलाही सुई म्हणतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पुस्तकात विणायच्या ओळीला 'ओळ' म्हण, हत्याराला 'सुई', आणि 'सु' फक्त सुलटाला ठेव.

सुईचा नंबर कधीही एकटा लिहू नकोस, मिलिमीटर लिही. आपली 9 नंबरची सुई 3.75 मिलिमीटरची, अमेरिकेतली 9 नंबरची 5.5 ची. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड. तुझी मावसबहीण न्यू जर्सीत बसून हीच टोपी विणेल, तेव्हा तिची टोपी टोपलीएवढी होईल.

टाक्यांचा ताण हा तू शेवटच्या पानावर टाकला आहेस. तो प्रत्येक टोपीच्या डोक्याशी हवा. 52 सेंटिमीटरच्या डोक्याचं उदाहरण घे. टोपी धरून राहावी म्हणून ती चारपाच सेंटिमीटर कमी विणायची. 10 सेंटिमीटरात 22 टाके येत असतील तर 104 टाके घातले की साधारण 47 सेंटिमीटर भरतात, आणि 104 ला आठाने भाग जातो म्हणून माथ्याच्या आठ पाकळ्या तेरा-तेरा टाक्यांच्या सरळ बसतात. पण विणणारीचा हात सैल असेल, 22 ऐवजी 20 टाके पडत असतील, तर त्याच 104 टाक्यांची टोपी 52 ची होते आणि वाऱ्याने उडते. दोन टाक्यांनी एवढा फरक पडतो! म्हणून आधी वीतभर नमुना विणून मोजायला सांग, आणि ताण वेगळा आला तर किती टाके घालायचे ते कोष्टकात दे. शिवाय तू सगळं गोल सुईवर लिहिलं आहेस. आपल्या बायका दोन सरळ सुयांवर विणतात आणि मागे शिवतात. त्यांच्यासाठी शिवणीचे दोन टाके धरून 106 ची कृतीही शेजारी हवी, फक्त सुती टोपीला नको.

मी हे इतकं का बजावते, ते ऐक. ऐन तिशीत मी एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी टोपड्याची कृती पाठवली. छापून आल्यावर फार आनंद झाला. महिन्याने कोकणातून एका अनोळखी आजींचं अंतर्देशीय पत्र आलं. नातवाच्या बारशाला आठ दिवस राहिले होते, टोपडं तीनदा उसवलं, माथा मिटतच नव्हता. वही काढून पाहिलं तर माथ्याची एक घट मी लिहायचीच राहिले होते. माझ्या हाताला ती ठाऊक होती, म्हणून मला कधी जाणवलीच नाही. मी रात्री बसून एक टोपडं विणलं आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं. बारशाआधी पोचलं की नाही, ते त्यांनी कळवलं नाही. ती एक घट मला अजून टोचते.

म्हणून तुझी प्रत्येक कृती तीन हातांकडून विणून घे: एक मुरलेली, एक नवशिकी, एक डावखुरी. त्यांच्याजवळ बसू नकोस, काही सांगू नकोस. त्या जिथे थांबतील आणि तुला फोन करतील, ती ओळ पुन्हा लिही. त्यांना लोकर तू दे, आणि पुस्तकात त्यांचे आभार मान. घाई केलीस तर हे पैसे वाचतील आणि पुस्तक वाया जाईल.

छपाईचं थोडक्यात. पानं सोळाच्या पटीत ठेव, 48 पुरेत. पुस्तक टेबलावर आपोआप उघडं राहिलं पाहिजे, दोन्ही हात सुयांवर असतात. तेव्हा चिकटवलेला कणा नको. अक्षर मोठं ठेव, वाचणाऱ्या बऱ्याचशा साठीच्या पुढच्या असतील. विणीचे चौकोनी तक्ते काळ्या-पांढऱ्यातच काढ, झेरॉक्समध्येही कळले पाहिजेत. फोटो डोक्यावरचे हवेत, समोरून, बाजूने आणि माथ्यावरून. माथ्याच्या फोटोवरूनच घट कळते. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते, ती विसरू नकोस. तुझे शब्द, तक्ते आणि फोटो तुझे. वीण कुणाच्याच मालकीची नसते, जाळीही नाही. जिच्याकडून शिकलीस तिचं नाव मात्र तिची परवानगी घेऊन लिही.

इंग्रजी आवृत्ती खुशाल काढ. पण मराठी आधी निघू दे, आणि ती इंग्रजीवरून उतरवलेली नको.

बारापैकी पाच टोप्या बाजूला ठेवल्या आहेत, त्यांची लोकर उसवून गुंडाळून देते. कोळीवाड्याची टोपी तेवढी परत पाठवत नाही, तिची जाळी मला नीट बघायची आहे. रविवारी सकाळच्या गाडीने ये. 3.75 ची गोल सुई आणि पाव किलो पांढरा सुती धागा घेऊन ये, सुती टोपीची बॉर्डर आपण दोघी मिळून घालू.

तुझी,
आत्या