धातूवर अक्षरे कोरणारे विद्युत्-यंत्र : दोष आणि निवारण

भांड्यांवर नावे घालण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. कार्यशाळेत मात्र धातूवरील खुणेला निराळे महत्त्व असते. दोन गेज दिसण्यात सारखे व मापात भिन्न असले, तर त्यांच्यावरील क्रमांक हीच त्यांची ओळख होय. तो क्रमांक पुसट झाला, तर चुकीच्या मापाने केलेला सारा माल परत येऊ शकतो. कठीण केलेल्या पोलादावर ठोकून अक्षर उठविणेही सोपे नसते. ठसा बोथट होतो आणि पातळ पाते वाकते. म्हणूनच विजेच्या साहाय्याने अक्षरे कोरणारे साधे यंत्र स्वतः तयार करणारे कारागीर आढळतात. असे यंत्र बिघडल्यास दोष कसा शोधावा, याचा हा परिचय.

यंत्राचे कार्य

या यंत्राचे भाग थोडे असतात : २३० व्होल्टचा दाब १२ व्होल्टपर्यंत उतरविणारे रोहित्र म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, प्रत्यावर्ती धारेची दिष्ट धारा करणारा चार डायोडांचा पूल, फ्यूज, दोन तारा आणि फेल्ट गुंडाळलेला कार्बनचा ठोकळा. फेल्ट मिठाच्या पाण्यात भिजवितात. धन तार वस्तूला आणि ऋण तार ठोकळ्याला जोडतात. वस्तूवर लाखेचा किंवा चिकट व्हिनाइलचा थर देऊन अक्षरांपुरताच धातू उघडा ठेवतात. फेल्ट टेकताच तेवढाच धातू द्रावणात विरघळू लागतो.

विरघळणारा धातू हा वाहिलेल्या धारेच्या व वेळेच्या प्रमाणात असतो, हा मायकेल फॅरेडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास मांडलेला नियम येथे लागू पडतो. १ अँपिअर धारा १ तास वाहिली, तर सुमारे १ ग्रॅम लोखंड विरघळते. अक्षरांचे क्षेत्र १ चौरस सेंटिमीटर असेल, तर तीच धारा १ मिनिटात जास्तीत जास्त ०.०२ मिलिमीटर खोली देईल. धारा वाहत नसेल तर खूण उमटत नाही; ती भलतीकडे वाहत असेल तर खूणही भलतीकडे उमटते. दोषशोधनाचे सूत्र एवढेच आहे.

प्रथम सुरक्षितता

ओले हात, मिठाचे पाणी आणि वीज यांचा येथे एकत्र संबंध येतो. म्हणून रोहित्राची दोन वेटोळी एकमेकांपासून पूर्णपणे अलग असलीच पाहिजेत. ऑटो-ट्रान्सफॉर्मर किंवा डिमरस्टॅट या कामी कदापि वापरू नये. त्यात दोन्ही बाजू जोडलेल्या असल्याने १२ व्होल्टच्या तारेवरही घरातील विजेचा पूर्ण दाब येऊ शकतो. रोहित्राचा गाभा व धातूची पेटी यांना अर्थिंग द्यावे. इन्सुलेशनची तपासणी परवानाधारक तारतंत्रीकडून मेगरने करून घ्यावी. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

खूण मुळीच उमटत नसल्यास

प्रथम संशय रोहित्रावर जातो; पण तपासणीचा आरंभ वस्तूपासून करावा. धन तारेचा चिमटा गंज, तेल किंवा लाखेच्या थरावर लावला गेला असेल, तर धारा वाहणार नाही. चिमट्याची जागा व अक्षरांचा उघडा भाग घासून स्वच्छ करावा. द्रावण फार पातळ असल्यास पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून नवे घ्यावे.

त्यानंतर तारांची अदलाबदल तपासावी. दोन्ही टोके मिठाच्या पाण्यात एकमेकांना न टेकविता क्षणभर बुडवावी. जिच्यापाशी बुडबुडे अधिक जोराने उठतात ती ऋण तार. ती वस्तूला जोडली गेली असेल, तर धारा वाहूनही अक्षर कोरले जात नाही.

शेवटी मल्टिमीटर लावावा. कपॅसिटर नसलेल्या यंत्रात दिष्ट दाब १२ व्होल्ट न दिसता ९ ते ११ व्होल्ट दिसतो. हा दोष नव्हे. सुमारे ५ व्होल्टच दिसल्यास पुलातील एक डायोड तुटला असण्याचा संभव आहे. फ्यूज वारंवार जात असेल व रोहित्र गुणगुणत असेल, तर एखादा डायोड आतून जुळला आहे असे समजावे.

खूण पसरट किंवा अस्पष्ट असल्यास

याचे कारण बहुधा पाणी असते. फेल्ट निथळत असला की द्रावण थराच्या कडेखाली शिरते आणि धारा तेथेही धातू खाते. फेल्ट पिळून केवळ ओलसर ठेवावा, थराच्या कडा दाबून बसवाव्यात आणि ३ ते ५ सेकंद टेकवून उचलावा. सलग टेकविल्यास द्रावण तापते, वाफ येते व लाख सुटते. फेल्ट झिजून कार्बन धातूला भिडल्यास ठिणगी उडते व वस्तूवर डाग पडतो. अशा वेळी फेल्ट बदलावा. फ्यूजऐवजी जाड तार मात्र कधीही घालू नये.

अक्षर खोल असूनही उठून दिसत नसेल, तर कोरल्यानंतर काही सेकंद प्रत्यावर्ती धारा द्यावी. पोलादावर काळसर थर बसून अक्षर स्पष्ट होते.

काम संपल्यावर

काही दिवसांनी अक्षरांभोवती तांबूस कड दिसते, तिचे कारण धातूवर राहिलेले मीठ होय. वस्तू खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरडी करून तेलाचा हात द्यावा. काम मोकळ्या हवेत, रबरी हातमोजे घालून करावे. स्टेनलेस स्टीलवर वापरलेल्या द्रावणात क्रोमियम व निकेल उतरतात. त्यातील क्रोमियमचे काही प्रकार अत्यंत विषारी असतात. असे द्रावण गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते बंद डब्यात वेगळे साठवून धोकादायक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे सोपवावे.

नवी खूण प्रत्यक्ष मालावर करण्यापूर्वी त्याच धातूच्या टाकाऊ तुकड्यावर करून पाहावी आणि दाब, वेळ व मिठाचे प्रमाण वहीत नोंदवावे. पुढे खूण बिघडली, तर त्या नोंदीशी ताडून पाहता कोणती गोष्ट बदलली हे चटकन ध्यानी येते आणि सुस्थितीतील यंत्र विनाकारण उघडावे लागत नाही.