जहाजाचे तिकीट आणि जहाजाची पडतळ



कापडाच्या धंद्यात नवखा मुलगा आला की आम्ही त्याला पहिली गोष्ट शिकवतो ती पडतळ काढण्याची. गिरणीचा भाव ही मालाची किंमत नव्हे. त्यावर दलाली, ट्रकचे भाडे, हमाली, कर आणि घट चढवून माल दुकानाच्या फळीवर येईपर्यंत मीटरमागे काय पडला, ती खरी किंमत. तीस वर्षे इतरांना हा धडा देणारे आम्ही, एका सहलीत तोच विसरलो.

अलीकडे अनेक कंपन्या ठरावीक माल उचलणाऱ्या दुकानदारांना परदेशी सहल देतात. सिमेंट आणि रंगाच्या धंद्यातही ही रीत आहे. अशाच एका योजनेत आम्हाला दोघांची जहाजाची सहल मिळाली. सिंगापूरहून पेनांग आणि परत, तीन रात्री. ‘सारे मोफत’ असे सांगण्यात आले होते. शेवटच्या सकाळी खोलीत बिल आले ते 420 सिंगापूर डॉलरचे, म्हणजे आपल्या पैशात 25 हजारांच्या वर. दोघांचा सेवा-आकार, दोन मोबाइलचे इंटरनेट, पाच फोटो, धुलाई आणि एका खास उपाहारगृहातले दोन वेळचे जेवण. लबाडी कोणी केली नव्हती. सारे दर छापलेले होते, आम्हीच वाचले नव्हते. ती चूक आपल्या कोणाची होऊ नये, यासाठी हा अभ्यास वाचकांपुढे ठेवत आहोत.

कंपनी कमावते कोठे?

हा धंदा समजून घेण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशन ही जगातील सर्वांत मोठी क्रूझ कंपनी. 2023 साली तिचे उत्पन्न सुमारे 2,160 कोटी डॉलर होते. त्यापैकी सुमारे 750 कोटी डॉलर तिकिटातून नव्हे, तर जहाजावरील विक्री आणि इतर बाबींतून आले. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक! तिकीट स्वस्त दिसते त्याचे कारण येथे आहे. ग्राहक दुकानात यावा म्हणून आपण एखादे कापड पडतळीला विकतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट अशी की ईद उलटल्यावर उरलेले कापड पुढच्या हंगामात निघते, पण सुटलेल्या जहाजाची रिकामी खोली पुन्हा कधीही विकता येत नाही. सवलती आणि स्वस्तात वरची खोली, हे सारे या एका धास्तीतून येते. घासाघीस करायची ती याच जागी.

बुकिंग करताना

1. भाव नेहमी ‘माणशी, दोघांच्या खोलीत’ असा असतो. एकट्या माणसाला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचे भाडे पडते. उलट त्याच खोलीतील तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडे कमी असते. मात्र चौघांच्या खोल्या थोड्या असल्याने मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी कित्येक महिने आधी बुकिंग करावे.

2. ऐनवेळी मिळणारी सवलत बंदराच्या गावी राहणाऱ्याच्या उपयोगाची. आपल्याला विमान आणि व्हिसा लागतो. तिकिटात दहा हजार वाचवून विमानाला पंधरा हजार जादा मोजण्यात शहाणपण नाही. 2021 पासून कॉर्डेलियाची जहाजे मुंबईहून निघू लागली. अशा देशांतर्गत सफरीत हे दोन्ही खर्च मुंबईकराला लागत नाहीत.

3. शाळेच्या सुट्ट्या, दिवाळी आणि डिसेंबरअखेर हे तेजीचे दिवस. अमेरिकन बाजारात जानेवारी ते मार्च हा सवलतींचा मोसम मानला जातो. ऋतू बदलताना जहाजे एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवली जातात, तेव्हा रात्रीमागे भाडे बरेच उतरते. परंतु ती सफर एकतर्फी असते, परतीचे विमान हिशेबात धरावे.

4. पूर्ण रक्कम भरण्याची अखेरची तारीख विचारून ठेवावी. त्या तारखेआधी भाव उतरला तर पुष्कळ कंपन्या मागणी केल्यावर फरक वळता करून देतात. आपणहून सहसा देत नाहीत. तारीख उलटली की सवलत तर जातेच, शिवाय रद्द केल्यास मोठी कपात होते.

5. जहाज ज्या देशातून निघून त्याच देशात परत येते, तेथे आपला प्रवेश दोनदा होतो. व्हिसा तसा आहे का, हे आधी पाहावे. कागद अपुरा असल्यास जहाजावर घेत नाहीत आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

6. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस घेतला जातो. हा खर्च नव्हे, तो आपल्या प्राप्तिकरात वळता होतो. सबब पॅन क्रमांक बरोबर द्यावा आणि विवरणपत्र भरताना तो मागून घ्यावा.

खोली आणि वरचा दर्जा

खोल्या साधारण चार प्रकारच्या असतात: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट. तीन रात्रींच्या सफरीत माणूस खोलीत झोपण्यापुरता येतो. तेथे आतली खोली पुरते. ज्याला समुद्र लागतो त्याने महागड्या उंच खोलीपेक्षा खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागाची खोली घ्यावी. तेथे हेलकावा कमी जाणवतो. तसेच नकाशा पाहून, डोक्यावर नाचगाण्याचे सभागृह किंवा भोजनाचा मजला तर नाही ना, याची खात्री करावी. जादा पैसे देऊन रात्रभर खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकणारे लोक आहेत.

‘गॅरंटी’ खोली म्हणजे आपण फक्त प्रकार ठरवायचा आणि क्रमांक कंपनीने द्यायचा. ती स्वस्त पडते, कधी वरची खोलीही मिळून जाते. पण कुटुंबाला दोन खोल्या लागून हव्या असतील तर हा मार्ग धरू नये.

आता काही कंपन्या वरच्या खोलीसाठी बोली मागवतात. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोली बहुधा माणशी असते, कापली जाते दोघांची. एकटा प्रवासी असला तरी अनेकदा दोघांचीच कापतात. बोली मान्य झाली की पैसे परत नाहीत. आणि ज्या खोलीवर बोली लावायची तिचा आजचा उघड भाव आधी पाहावा, कारण तो फरक बोलीपेक्षा कमी निघाल्याचीही उदाहरणे आहेत. लिलावात शिरण्याआधी बाजारभाव ठाऊक असावा, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

जहाजावरील खर्च

सेवा-आकार: यालाच तेथे ‘ग्रॅच्युइटी’ म्हणतात. आपल्याकडे नोकरी सोडताना मिळते ती ही नव्हे. अमेरिकन कंपन्यांत साध्या खोलीसाठी ती माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर असते, आणि मुलांनाही बहुधा लागते. राबणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे, तो बुडवण्याचा विचार करू नये. फक्त आधीच पडतळीत धरावा.

पेये: ‘पेयांसह’ पॅकेजच्या भावात दारूची किंमत मिळवलेली असते. जे आपण शिवणार नाही त्याचे पैसे का द्यावेत? साधा भाव मागावा. पाणी, चहा, साधी कॉफी आणि मुख्य भोजनगृहातील जेवण बहुतेक ठिकाणी तिकिटातच असते. बाटली, शीतपेय आणि खास कॉफी वेगळी, त्यावर पुन्हा 18 ते 20 टक्के आकार.

जेवण: हलाल भोजनाची विचारणा बुकिंगच्या वेळी लेखी करावी. आम्ही ती केली नाही. मग शंका आली म्हणून पैसे भरून खास उपाहारगृहात गेलो. मुख्य भोजनगृहात भारतीय शाकाहारी जेवण रोज होते, हे तिसऱ्या दिवशी कळले!

फोन: किनारा सुटला की मोबाइल जहाजाच्या उपग्रह-जाळ्यावर जातो, त्याचे दर जबर असतात. फोन ‘विमान मोड’वर ठेवावा. इंटरनेट घ्यायचेच तर एकाच मोबाइलचे घ्यावे.

बंदरावरील फेरफटका: चौघांनी मिळून टॅक्सी केली तर स्वस्त पडते. मात्र जहाज आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी परतावे. बंदर दूर असेल तर कंपनीचीच सहल बरी.

कार्ड: यंत्राने ‘रुपयांत की तेथील चलनात?’ असे विचारल्यास तेथील चलन सांगावे. रुपयांचा भाव बहुधा महाग असतो. शिवाय आपली बँक परकीय व्यवहारावर बहुधा दोन ते साडेतीन टक्के घेते, तोही खर्चच.

बिल: रोज रात्री पाहावे. चूक असल्यास उतरण्यापूर्वी काउंटरवर सांगावी. घरी आल्यावर भांडणे कठीण. जहाजावरील दवाखान्याचा खर्चही बिलातच चढतो, सबब प्रवास विमा घ्यावा.

पडतळीचा नमुना

समजा दोघांची सात रात्रींची सफर आहे. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत.

भाडे माणशी 500, दोघांचे 1,000 डॉलर
कर व बंदर-आकार 240
सेवा-आकार रोज 18 प्रमाणे 252
एका मोबाइलचे इंटरनेट 140
बंदरावरील दोन सहली 320
एकूण 1,952 डॉलर

म्हणजे जाहिरातीतील हजाराचे जवळजवळ दोन हजार झाले. विमान, व्हिसा आणि विमा अजून बाहेरच आहेत. अशा वेळी दुसरी कंपनी कर आणि सेवा-आकार धरून 1,400 सांगत असेल, तर ती महाग नसून स्वस्त आहे: पहिलीचा तेवढाच हिशेब 1,492 होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1 जुलै 2024 पासून सक्तीची फी धरूनच जाहिरातीत भाव सांगण्याचा कायदा लागू झाला. आपल्याला मात्र हा हिशेब स्वतःच मांडावा लागेल.

गेल्या उन्हाळ्यात आमचा पुतण्या बायको-मुलांसह मुंबईहून गोव्याच्या सफरीवर निघाला. पैसे भरण्याआधी त्याने आमच्या दुकानात बसून वहीच्या पानावर अशीच पडतळ काढली. बाल्कनी सोडून आतली खोली घेतली, सेवा-आकार आधी भरला. परत आल्यावर त्याने बिल दाखवले. त्यात मुलीच्या एका फोटोचे पैसे होते, तेवढेच.

‘मोफत’ आणि ‘स्वस्त’ हे शब्द ग्राहकासाठी असतात. व्यापाऱ्याने विचारावे, भाऊ, फळीवर येईपर्यंत काय पडेल?