आमच्या दप्तरातील ज्ञान : मालकी कोणाची, जबाबदारी कोणाची?

या वर्षीच्या अहवालात एकाही रुग्णाचे छायाचित्र नाही, ही गोष्ट नियमित वाचकांच्या ध्यानात आली असेलच. आंतररुग्ण विभागाच्या पानावर खाटांची रांग आहे, परंतु खाटांवर कोणी नाही. मुद्रणापूर्वी ज्या हितचिंतकांनी कच्ची प्रत पाहिली, त्यांपैकी काहींनी 'यातून रुग्णालयाचे काम दिसत नाही' अशी तक्रार केली. तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर शोधताना आम्हांस एका मोठ्या विषयाचा अभ्यास करावा लागला. तो सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

संस्थेच्या मालमत्तेची मोजदाद दरवर्षी होते. लेखापरीक्षक रोकड मोजतात, औषधांचा साठा पडताळतात, जडवस्तू नोंदवहीतील स्टुलेसुद्धा मोजून पाहतात. मात्र कपाटांत आणि संगणकात जे ज्ञान वर्षानुवर्षे साठत जाते, त्याची नोंद ताळेबंदात कोठेच नसते. कोणास कोणता आजार आहे, कोणी किती देणगी दिली, कोणत्या उपचाराने लवकर गुण येतो, कोणत्या पाड्यावरील आजीबाईस कोणती मुळी ठाऊक आहे, हे सारे या दप्तरात असते. वाणिज्य शाखेत शिकताना 'नावलौकिक' ही अदृश्य मालमत्ता होय, असे आम्ही पाठ केले होते. दुकानाचा नावलौकिक विकता येतो हेही शिकलो. रुग्णालयाच्या या अदृश्य साठ्यापैकी विकण्याजोगे काय, राखण्याजोगे काय आणि मुळात आमचे काय, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

प्रथम आमच्या चुकीविषयी. जव्हार-मोखाड्याचे नाव १९९२ साली वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर पोहोचले. तेव्हापासून बाहेरच्या जगास हा मुलूख बहुतेक वेळा हाडे दिसणाऱ्या बालकांच्या छायाचित्रांतूनच भेटत आला. आम्हीही त्याच वाटेने गेलो. काही वर्षांपूर्वीच्या अहवालात दोन वर्षांच्या एका मुलीचे छायाचित्र तिच्या नावासह आणि पाड्यासह छापले. हेतू चांगला होता, देणग्याही आल्या. मुलगी बरी होऊन घरी गेली. पुढे तेच छायाचित्र आम्हांस न विचारता दुसऱ्या एका संस्थेच्या भित्तिपत्रकावर झळकले. बऱ्याच वर्षांनी मुलीचे वडील जामसरला कार्यालयात आले. मुलगी आता आश्रमशाळेत शिकत होती. ते भित्तिपत्रक तेथे कोणी तरी पाहिले आणि मुले तिला त्यावरून चिडवू लागली होती. वडील रागावून बोलले नाहीत. तो कागद परत मिळेल का, एवढेच त्यांनी विचारले. आम्ही जुना केसपेपर काढला. त्यावर त्यांचा अंगठा होता, पण तो उपचारांच्या संमतीसाठी होता. छायाचित्राविषयी त्या कागदावर एक ओळही नव्हती. छापून वाटलेला कागद परत कसा आणावा, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि आजही नाही.

रुग्णाच्या माहितीविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात, रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि रुग्णाचे गुपित अपवादात्मक प्रसंगांखेरीज उघड करता येत नाही. एचआयव्ही-बाधितांसंबंधीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यात गोपनीयतेची तरतूद अधिकच कडक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ साली संमत झाला. अपवादही आहेत. क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद शासनास कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि न्यायालयाने मागितलेली कागदपत्रे द्यावीच लागतात.

परंतु कायद्याचे शब्द शहराच्या मापाने लिहिलेले असतात. मुंबईत 'नाव गुप्त ठेवले आहे' एवढे लिहिले की भागते. आमच्याकडे तीस-चाळीस घरांच्या पाड्यात तेवढे पुरत नाही. 'जामसरनजीकच्या पाड्यातील तीस वर्षांची क्षयरोगी स्त्री' असे लिहिल्यावर नाव लिहायचे काय उरले? म्हणून या अहवालातील आकडेवारी पाडावार न देता तालुकावार दिली आहे. बाह्यरुग्ण विभागात नाव पुकारताना आजाराचा उल्लेख करू नये, अशी सूचना लेखी दिली आहे. ती पाळली जाईपर्यंत बरेच दिवस गेले, हेही मान्य केले पाहिजे.

आता देणगीदारांच्या नावांविषयी. पूर्वी आमच्याकडील एक कर्मचारी नोकरी सोडून अन्यत्र गेले आणि त्यानंतर आमच्या कित्येक देणगीदारांस, ज्यांचा त्या दुसऱ्या संस्थेशी कधीही संबंध आला नव्हता, तिची मदतीची पत्रे जाऊ लागली. दोघांनी आम्हांस विचारणाही केली. पत्त्यांची यादी कशी गेली हे सिद्ध करणे आम्हांस जमले नाही. या निमित्ताने कायदा पाहिला. व्यापारी गुपितांच्या रक्षणासाठी आपल्या देशात स्वतंत्र अधिनियम नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील २८९ व्या अहवालात तसा कायदा असावा अशी शिफारस केली. तोपर्यंत करार आणि विश्वासभंगाविषयीची न्यायालयीन तत्त्वे हाच आधार. करारासही मर्यादा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ आम्ही पदवी परीक्षेसाठी घोकले होते : कोणासही त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक होय. तेव्हा परीक्षेपुरते वाटलेले हे कलम रुग्णालय चालविताना वारंवार आठवते. येथे सात-आठ वर्षे काम करून सर्पदंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करण्यात तरबेज झालेली परिचारिका नाशिकला चांगल्या वेतनावर गेली, तर तिला अडविण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि तो असावा असेही वाटत नाही. हातातले कौशल्य तिचे आहे. कपाटातली यादी मात्र तिची नाही. एवढा भेद सांगणारे एक पानी हमीपत्र आता प्रत्येक कर्मचाऱ्याकडून रुजू होतानाच घेतले जाते. देणगीदारांची नोंदवही दोन व्यक्तींच्याच ताब्यात असते. करसवलतीच्या देणग्यांचे विवरण २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून आयकर विभागास सादर करावे लागू लागले. त्या विवरणाखेरीज आणि कायद्याने मागणी केल्याखेरीज ही नावे आम्ही कोणास देत नाही.

याच्या अगदी उलट, काही ज्ञान कपाटात ठेवणे हाच अपराध ठरावा. पावसाच्या आरंभी विंचूदंशाचे रुग्ण आमच्याकडे येऊ लागतात, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांची आठवण होते. महाडनजीक बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे दगावताना त्यांनी पाहिली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषबाधेवर उपयोगी पडते, हे त्यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून ताडले आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शेकडा ४० च्या घरात असलेले गंभीर रुग्णांच्या मृत्यूंचे प्रमाण पुढे शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही रीत त्यांनी स्वतःपाशी ठेवली असती, तर महाडमध्ये मोठे रुग्णालय उभे राहिले असते आणि जव्हारमध्ये माणसे मरत राहिली असती. आपला पेटंट अधिनियम, १९७० उपचारपद्धतीस पेटंट देतच नाही. कलम ३ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. नागलीच्या सत्त्वाचा आमचा आहारतक्ता, जखम बांधण्याची पद्धत, नवजात बालकाच्या तपासणीची यादी, जो मागेल त्यास आम्ही विनामूल्य देतो. त्यावर आमचे नाव घातले नाही तरी चालेल.

सर्वांत अवघड प्रश्न तिसऱ्या प्रकारच्या ज्ञानाचा. आमच्या आरोग्यसेविकांनी मागे एक वही सुरू केली होती. पाड्यांवरील सुईणी, वैदू आणि भगत कोणत्या दुखण्यावर कोणती वनस्पती देतात, ते त्या लिहून ठेवीत. हेतू व्यवहारी होता : रुग्ण आमच्याकडे येण्यापूर्वी काय घेऊन आला आहे, हे डॉक्टरांस कळावे. एके दिवशी बाहेरगावचे एक गृहस्थ आले. वनौषधींच्या व्यवसायात असल्याचे त्यांनी सांगितले आणि वहीच्या छायाप्रतीच्या बदल्यात रुग्णालयास चांगली देणगी देऊ केली. त्या वर्षी आमच्या खात्यात तूट होती, हे लपविण्यात अर्थ नाही. विश्वस्त मंडळात दोन बैठका चर्चा झाली.

त्या चर्चेत हळदीचे प्रकरण निघाले. हळदीच्या पुडीने जखम भरून येते, या 'शोधा'वर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर, जे मूळचे गोव्यातील माशेलचे, तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने त्या पेटंटास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले. ही कथा सर्वांस ठाऊक असते. त्यातील एक तपशील मात्र क्वचितच सांगितला जातो. परदेशातील नुसती वहिवाट अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यास पुरावा म्हणून चालत नव्हती, छापील आधार लागे. आपल्या प्रत्येक आजीने हळद लावली होती, याचा उपयोग नव्हता. परिषदेने ३२ लेखी संदर्भ सादर केले. त्यांत जुना संस्कृत ग्रंथ होता आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला लेखही होता. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे जे अंकीय ग्रंथालय उभे राहिले, तेही मुख्यतः ग्रंथांत लिहिलेल्या आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ज्ञानाचे आहे. जामसरच्या सुईणीचे ज्ञान कोणत्या ग्रंथात आहे?

म्हणजे न लिहावे तर तिच्याबरोबर जाणार, लिहून छापावे तर कोणीही उचलणार. केरळातील काणी आदिवासींचे उदाहरण या पेचात मार्गदर्शक वाटले. त्यांनी दाखविलेल्या वनस्पतीपासून तिरुवनंतपुरम येथील वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी 'जीवनी' हे औषध तयार केले. १९९५ मध्ये ते कोईमतूरच्या एका औषधशाळेस दहा लाख रुपये परवाना शुल्क आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वशुल्क या अटींवर दिले गेले. त्यातील निम्मा वाटा काणींस देण्याचे ठरले आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा न्यास स्थापन झाला. देशात जैवविविधता कायदा होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. तरीही काही वस्त्यांतील वैदूंनी हरकत घेतली, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. पैशाची वाटणी नंतरची. आधी कोणास विचारले, हा मुद्दा आहे.

जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या सल्ल्याने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केला आहे. जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने ग्रामसभेचा अधिकार येथे नाममात्र नाही. हे सर्व वाचल्यावर वहीची मालकी आमच्याकडे नाही, हे स्पष्ट झाले. त्या गृहस्थांस छायाप्रत दिली नाही, देणगीही घेतली नाही. त्यांना राज्य जैवविविधता मंडळाकडे आणि ग्रामसभेकडे रीतसर जाण्यास सांगितले. ते परत आले नाहीत. तूट पुढील वर्षी भरून काढावी लागली.

जाता जाता आमच्या मुखपृष्ठाविषयी. पूर्वी छापखान्यातील कोणत्या तरी संग्रहातून वारली नक्षी घेऊन मुखपृष्ठावर छापली जाई. वारली चित्रकलेस आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून २०१४ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले. वारल्यांच्या गावात बसून वारली चित्र मुंबईच्या छापखान्यातून आणावे, याहून लाजिरवाणे काय असणार? या वर्षीचे चित्र पाड्यावरील चित्रकाराकडून मोबदला देऊन काढून घेतले आहे आणि त्यांच्या संमतीने आतील पानावर त्यांचे नाव दिले आहे.

वहीचे काम संपलेले नाही. ज्यांनी माहिती सांगितली त्यांच्याकडे आरोग्यसेविका पुन्हा जात आहेत आणि प्रत्येक पान वाचून दाखवून ते नोंदवहीत जावे की न जावे, हे विचारीत आहेत. बहुतेकांनी होकार दिला. एका वृद्ध सुईणबाईंनी आपले पान फाडून मागितले. ते त्यांना दिले. उरलेली वही ग्रामसभेपुढे ठेवली जाईल. डॉक्टरांस आवश्यक तेवढी माहिती रुग्णाला विचारून त्याच्याच केसपेपरवर नोंदविली जाते.

छायाचित्रांसाठी स्वतंत्र संमतीपत्र तयार केले आहे. ते रुग्णास त्याच्या बोलीत वाचून दाखवावयाचे, घरी जाताना पुन्हा विचारावयाचे आणि नकार दिल्यास उपचारात काहीही फरक पडणार नाही हे प्रथम सांगावयाचे, असा नियम केला आहे. या वर्षी विचारलेल्यांपैकी कोणीही होकार दिला नाही, म्हणून पाने रिकामी आहेत. ज्या देणगीदारांस प्रत्यक्ष काम पाहावयाचे असेल त्यांनी आठ दिवस आधी कळवून जामसरला अवश्य यावे. हिशेबाची पुस्तके, स्वयंपाकघर, औषधभांडार पाहण्यास खुले आहे. विभागात जाण्यापूर्वी रुग्णांस विचारले जाईल. कोणी नको म्हटल्यास पाहुण्यांनी कृपया बाहेरच्या ओट्यावर थांबावे.