जुन्या ट्रकच्या चासीचे गंजापासून संरक्षण

कोकणपट्टीत मासळी, मीठ व रासायनिक खते वाहणाऱ्या जुन्या ट्रकची चासी गंजाने लवकर झिजते. क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात; साचलेल्या चिखलाखाली तो टिकून राहतो व लोखंड पोखरले जाते. यास्तव खेप संपताच चासी गोड्या पाण्याने धुवावी, निचऱ्याची छिद्रे मोकळी करावीत व गाडी उन्हात सुकवावी. पावसाळ्यापूर्वी गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशाने खरवडून प्रथम गंजरोधक अस्तर व त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. गंजावरच रंग फासल्यास दोष केवळ झाकला जातो. हातोडीने ठोकताना बद्द आवाज आल्यास गाडीत माल भरू नये. जाणत्या कारागिराकडून तपासणी करवून घ्यावी. भाराखाली मोडणारी चासी माणसांच्या जिवावर बेतते.