इअरफोन घेताना कानाला विचारा

गेल्या महिन्यात गुलमंडीवरच्या माझ्या दवाखान्यात एकवीस-बावीस वर्षांचा एक तरुण आला. मूळचा गंगापूर तालुक्यातला. औरंगपुऱ्याजवळ खोली घेऊन राहतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. उजवा कान खाजत होता, ठणकत होता, रात्री उशीला चिकट पाणी लागत होते. बोलता बोलता त्याने खिशातून इअरफोन काढला आणि म्हणाला, "डॉक्टर, याचीही उजवी बाजू गेली. हा तिसरा. आता पैठण गेटला दोनशेचा घेऊ, की दुकानातला सहाशेचा?"

मी त्याला गाणे लावायला सांगितले आणि इअरफोनची डावी बाजू उजव्या कानापाशी नुसती धरायला लावली. "आता?" तो म्हणाला, "आताही उजवीकडेच कमी येतंय." मग तो गप्प झाला. इअरफोन ठणठणीत होता, ऐकायला कमी येत होते ते कानाला. आधीचे दोन इअरफोन त्याने उगाच फेकून दिले होते.

कानात बुरशी झाली होती. भिजलेल्या टीपकागदासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. दिवसाचे आठ-नऊ तास रबरी टोपीने कान बंद राहिला, की आत घाम आणि ओल साचते. खाज सुटली म्हणून आईने लसणाचे कोमट तेल घातले, त्याने भर पडली. कान साफ केला, थेंब दिले. पंधरवड्यात खाज गेली, ऐकूही बरेच येऊ लागले. मात्र रात्री निजल्यावर कानात होणारा 'सूं' असा आवाज राहिला. म्हणून त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून श्रवणचाचणी करवली. आलेखात उजव्या कानाची रेषा ४००० हर्ट्झपाशी खाली उतरलेली दिसली. मोठ्या आवाजाने कान दुखावला की बहुधा पहिला खड्डा तिथेच पडतो. हा मुलगा कुणी हाक मारली तर कळावी म्हणून डावा कान मोकळा ठेवायचा आणि सगळी व्याख्याने उजव्या कानाने, आवाज चढवून ऐकायचा.

इथे मला माझीही चूक सांगितली पाहिजे. सहा महिन्यांपूर्वी हाच मुलगा 'कानात आवाज येतो' म्हणून आला होता. दवाखान्यात गर्दी होती. मी जागरण कमी करायला सांगितले, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. 'दिवसभर कानात काय घालतोस?' हा एक प्रश्न विचारला असता, तर सहा महिने वाचले असते. भरतीत शेवटी वैद्यकीय तपासणी असते आणि तिथे कानही पाहतात.

आपल्या प्रत्येक आतल्या कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, नंतर मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यांच्यावर औषधही नाही. स, श, च, फ अशी बारीक व्यंजने आधी निसटू लागतात. माणूस म्हणतो, 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही.' सगळा भर प्रतिबंधावर, तो याचसाठी.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे म्हणून मी दोन्ही इअरफोन आणले, एक दोनशेचा, एक सहाशेचा, आणि आठवडाभर स्वतः वापरून पाहिले. त्यातून चार परीक्षा हाती आल्या. वाचकांनी घेताना त्या करून पाहाव्यात.

पहिली परीक्षा बसण्याची. काही न लावता इअरफोन कानात घाला. बाहेरचा गलका कमी झाला आणि आपलेच बोलणे घुमू लागले, तर टोपी बरोबर बसली. सहाशेच्या खोक्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन टोप्या होत्या, दोनशेच्यासोबत एकच जोडी. तुमचा कान त्या मापाचा नसेल तर फट राहते. फटीतून बाहेरचा आवाज आत येतो आणि इअरफोनचा खर्ज बाहेर निसटतो. मग आपण आवाज वाढवतो.

दुसरी परीक्षा बोटाची. शांत खोलीत आवाज सुखकर वाटेल इतका लावा आणि टप्पा मोजा. मग तसेच बाजारात या. माझ्या मोबाईलवर पंधरा टप्पे आहेत. घरी दोन्ही इअरफोन सहाव्या टप्प्यावर पुरेसे होते. संध्याकाळी गुलमंडीच्या चौकात, रिक्षा आणि भोंग्यांच्या गजरात, काही पावले बाजूला उभे राहून पाहिले. सहाशेचा नववर भागला. दोनशेचा तेरावर न्यावा लागला, आणि तो मोठा आहे हे मला जाणवलेही नाही. धोका आहे तो हाच. वाढलेल्या आवाजाची कानाला सवय होते.

तिसरी परीक्षा बोलण्याची. दुकानदार धडधडते गाणे लावून दाखवतो, कारण खर्जाच्या धमाक्यात बाकीचे दोष लपतात. तुम्ही बातम्या किंवा व्याख्यान लावा. 'सात' आणि 'साठ', 'चार' आणि 'फार' हे कमी आवाजात वेगळे कळले, तर तो इअरफोन अभ्यासाला योग्य. या परीक्षेत दोनशेचाही बरा निघाला, हे सांगणे न्यायाचे होईल.

चौथी परीक्षा स्वच्छतेची. टोपी निघते का? निघाली तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवूनच परत बसवता येते. न निघणारी घेऊ नका. ब्लूटूथचा असेल तर खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांकही पाहा.

सबब, जो तुमच्या कानात नीट बसतो आणि कमी आवाजात भागवतो, तो चांगला. किंमत नंतर पाहावी. मात्र नीट बसणारा इअरफोन घालून रस्ता ओलांडणे किंवा गाडी चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. मागून येणारा भोंगा ऐकूच येणार नाही.

आता वेळेचे गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. १०१ डेसिबलला आठवड्याभरात जेमतेम १८ मिनिटे! आमचा हा विद्यार्थी आठवड्याला पन्नासच्या वर तास ऐकत होता, म्हणजे ८० डेसिबलवरही त्याची मर्यादा ओलांडली जात होती. याच संघटनेने २०२२ साली म्हटले आहे, की १२ ते ३५ वयाच्या शंभर कोटींहून अधिक लोकांना अशा ऐकण्याने बहिरेपणाचा धोका आहे.

घरोघरी एवढे पाळावे. आवाज पूर्ण क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा. तासाभराने पाच-दहा मिनिटे कान मोकळे सोडावेत. इअरफोन कानात ठेवून झोपू नये. एकाचा दुसऱ्याने वापरू नये. कानात तेल, काडी, पिन, किल्ली काही घालू नये. पाणी येत असेल तर कान बरा होईपर्यंत इअरफोन बंद. कानात सतत आवाज येत असेल, किंवा टीव्ही मोठा करा असे घरात वारंवार म्हणावे लागत असेल, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. आपल्या घाटी रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर 'मळ असेल' म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काही कारणांत उपचाराचे पहिले दिवसच मोलाचे असतात.

तो मुलगा परवा येऊन गेला. आता खोलीवर मोबाईल टेबलावर ठेवून साध्याच आवाजात व्याख्याने ऐकतो, अभ्यासिकेत पुस्तक वाचतो. कानातला आवाज कमी झालाय म्हणाला, पण गेलेला नाही. चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे, आणि भरती त्याच सुमारास आहे. जाताना त्याने विचारले, "मग सर, सहाशेचा घेऊ ना?" मी म्हटले, "घे, पण भरतीनंतर. आणि दुकानात आधी बातम्या लावून बघ."