उंची थांबली, आता ग्रोथ हार्मोनला खर्च किती?

लहानपणापासून ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं घेणाऱ्या मुलामुलींच्या घरी सतरा-अठराव्या वर्षी एक प्रश्न हमखास निघतो. उंची तर आता वाढणार नाही, मग एवढा पैसा घालायचा कशाला? बरीच घरं तिथेच औषध बंद करतात आणि मग डॉक्टरांकडे जाणंही सुटतं. खरं नुकसान इथे होतं. हाडं भरण्याचं काम विशीच्या मध्यापर्यंत चालू असतं. कमतरता टिकून असेल तर हाडं, स्नायू, पोटावरची चरबी, कोलेस्टेरॉल आणि दिवसभराचा उत्साह या सगळ्यावर तिचा परिणाम होतो. शिवाय मोठेपणीचं बिल लहानपणीच्या बिलापेक्षा पुष्कळ कमी असतं, हे या पालकांना बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी फेरतपासणी करून घ्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध एक ते तीन महिने थांबवतात आणि मग रक्तातलं आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारा घटक) बघतात. ज्यांना फक्त ग्रोथ हार्मोन कमी होतं आणि कारण सापडलं नव्हतं, अशा बऱ्याच जणांचं हार्मोन मोठेपणी पुरेसं निघतं. त्यांचा इंजेक्शनचा खर्च तिथेच संपतो. उरलेल्यांना उत्तेजन चाचणी लागते. इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम खाली आणतात आणि ठरावीक वेळाने रक्त घेत राहतात. ही चाचणी अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. फिट येणाऱ्यांना ती देत नाहीत, त्यांच्यासाठी ग्लुकागॉनची चाचणी असते. दर विचारताना सगळे नमुने, औषध आणि दिवसभराची खाट त्यात धरली आहे का, हे स्पष्ट विचारा. पिट्युटरीची आणखी तीन किंवा जास्त हार्मोन्स कमी असतील आणि आयजीएफ-१ही खाली असेल, तर ही चाचणी सहसा लागतच नाही. तेव्हा ‘माझ्या बाबतीत ती करायलाच हवी का?’ असं विचारायला संकोचू नका.

आता मुख्य हिशेब. लहानपणी मात्रा वजनावर ठरते, किलोमागे रोज साधारण ०.०२५ ते ०.०३५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या मुलाला ०.०३ च्या दराने रोज दीड, म्हणजे महिन्याला ४५ मिलिग्रॅम लागतात. तिशीच्या आतल्या प्रौढाला वजन न बघता रोज ०.४ ते ०.५ पासून सुरुवात करतात. ०.४ धरलं तर महिन्याला १२ मिलिग्रॅम झाले. हिशेबाच्या सोयीसाठी मिलिग्रॅमला हजार रुपये धरले, तर ४५ हजारांच्या जागी १२ हजार. तुमचा खरा दर तुमच्याच बिलावरून काढा. इंजेक्शनच्या पेनच्या खोक्यावर, उदाहरणार्थ, ‘१० मिग्रॅ/१.५ मिली’ असं छापलेलं असतं. किमतीला त्या १० ने भागलं की मिलिग्रॅमचा दर मिळतो. काही कंपन्या युनिटमध्ये लिहितात. एक मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट, म्हणजे ३६ युनिटच्या काडतुसात १२ मिलिग्रॅम औषध असतं. भागाकार न करता दोन ब्रँडची तुलना करणं व्यर्थ आहे.

पेनचं माप निवडताना तर पैसे अक्षरशः कचऱ्यात जातात. नॉर्डिट्रोपिन या ब्रँडचं पेन वापरायला काढलं की फ्रिजमध्ये २८ दिवस चालतं, पुढे उरलेलं औषध फेकावं लागतं. रोज ०.४ घेणाऱ्याचं १० मिलिग्रॅमचं पेन २५ दिवसांत संपतं, वाया काहीच जात नाही. तेच पेन रोज ०.२ घेणाऱ्याने आणलं तर ४.४ मिलिग्रॅम टाकून द्यावे लागतात. त्याने ५ मिलिग्रॅमचं आणावं, ते २५ दिवस पुरतं. मात्रा बदलली की पेनचं मापही नव्याने ठरवा.

वरखर्चात रोजची नवी सुई, बर्फाची पिशवी आणि तपासण्या येतात. सुरुवातीला एक-दोन महिन्यांनी आयजीएफ-१ बघून मात्रा जुळवतात, नंतर सहा ते बारा महिन्यांनी. सोबत साखर, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल बघायला हवं, कारण हे औषध सुरू झाल्यावर थायरॉइड आणि कॉर्टिसॉलची झाकलेली कमतरता वर येऊ शकते. इथे काटकसर करू नका. इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींना ग्रोथ हार्मोन जास्त लागतं. त्वचेवरचा पॅच किंवा जेल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. चालत असेल तर मात्राही उतरते आणि बिलही.

मदतीचं बघू. घरी टोचायच्या इंजेक्शनचा खर्च साध्या मेडिक्लेममध्ये बहुधा बसत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मात्र सिद्ध झालेली ग्रोथ हार्मोनची कमतरता दुसऱ्या गटात आहे. मदत ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत मिळते, त्यात मुंबईचं केईएम आहे. पैसे रुग्णाच्या हातात येत नाहीत आणि अर्ज केंद्राच्या समितीपुढे जातो. प्रौढाच्या अर्जाला लहानपणापासूनची कागदपत्रं लागतील, म्हणून पहिल्या चाचण्यांपासूनचं काही फेकू नका. आईवडिलांच्या सीजीएचएस या सरकारी आरोग्य योजनेवर असणाऱ्या मुलग्याचं नाव कमाई सुरू झाली की किंवा २५ व्या वर्षी निघतं, तेव्हा पुढची सोय आधीच बघा. स्वतः नोकरीला लागलात आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर ईएसआयसीच्या दवाखान्यात चौकशी करा.

जिममधून किंवा ओळखीतून ‘निम्म्या दरात’ मिळणारं औषध घेऊ नका. ते खरं आहे का आणि वाटेत थंड राहिलं होतं का, हे कळायला काहीच मार्ग नसतो. बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. पुढच्या भेटीला जुनी फाइल आणि शेवटचं बिल सोबत न्या, आणि रोजची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून मागा.