धारवाडचा अर्ज आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा

अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळांचा इतिहास बहुधा समाजसुधारकांच्या कार्यापासून सांगितला जातो. तो सरकारी दप्तरातूनही पाहावयास हवा. १८५६ साली धारवाड मुंबई इलाख्यात होते. त्या वर्षी तेथील सरकारी शाळेत प्रवेश न मिळालेल्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे दाद मागितली. २१ जुलैच्या ठरावात, न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे हे सरकारने मान्य केले. तथापि एकदोन व्यक्तींसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींत एकाएकी हात घातल्यास शिक्षणप्रसाराचीच हानी होईल, असे म्हणून त्याची मागणी नाकारली. वेगळी शाळा त्याने मागितलीच नव्हती.

हिंदुस्थान सरकारला हा निर्णय रुचला नाही. १८५८ मध्ये सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांस खुल्या असल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात अशी मुले कित्येक ठिकाणी ओसरीवर बसविली जात. १८८२ च्या हंटर आयोगाने समान प्रवेशाचे तत्त्व पुन्हा उच्चारले, पण ते जपून अमलात आणावे आणि विद्यार्थी पुरेसे असतील तेथे वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावे, असे सुचविले.

जोतीराव फुल्यांनी १८५२ मध्ये पुण्यात महार-मांगांसाठी काढलेली शाळा आणि ही शिफारस एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. फुल्यांनी नसलेली शाळा निर्माण केली. आयोगाने असलेल्या शाळेवरील हक्काला पर्याय सुचविला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळी शाळा मुळातच असमान ठरविली, ती १९५४ मध्ये. त्यापूर्वी, १९२८ साली, डॉ. आंबेडकरांनी सायमन आयोगास दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात धारवाडचा ठराव पुराव्यादाखल मांडला होता.